मुदतीचं माहेर

पहाटे ५.३०

पाण्याच्या मोटारीचा आवाज आला म्हणजे नर्सिंगवाली उठली. तिची सातची ड्यूटी असते, म्हणून पाणी भरायचं काम तिनं स्वतःहून घेतलंय. बदल्यात रात्रीची भांडी तिला माफ. हा सौदा मुलींनी आपसातच केला. मला कळलं तेव्हा तो जुना झाला होता.

कर्वेनगरातल्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर आमचा तीन खोल्यांचा फ्लॅट आहे. सहा मुली राहतात. सगळ्या अठरा ते एकवीस वर्षांच्या, सगळ्या कुठल्या ना कुठल्या बालगृहात वाढलेल्या. मी आणि माझी सहकारी आलटून पालटून मुक्कामाला असतो. सरकारी कागदांत अशा जागेला अनुरक्षणगृह म्हणतात. मुली ‘फ्लॅट’ म्हणतात. दारावर संस्थेची पाटी नाही. आजूबाजूला मुलींचे पीजी गल्लोगल्ली आहेत, त्यातलाच हा एक, असं खालच्या मजल्यावरच्या काकू समजतात आणि मुलींनी त्यांचा तो समज राहू दिलाय. मुलींची नावं मी लिहिणार नाही. जिच्या तिच्या कामाच्या नावानं चालवून घेऊ.

भरतीवाली बुटाच्या नाड्या बांधत होती. पोलिस भरतीत मुलींना ८०० मीटर धावायचं असतं, चार किलोचा गोळा फेकायचा असतो. तिच्याकडे अनाथ प्रमाणपत्र आहे. २०१८ साली राज्य सरकारनं नोकरी आणि शिक्षणात अनाथांना एक टक्का आरक्षण दिलं, त्याचा तिला आधार आहे. शेजारच्या पलंगावरच्या पार्लरवालीला तो नाही, कारण तिची आई जिवंत आहे. कुठे आहे ते माहीत आहे, कशी आहे तेही माहीत आहे, आणि दोन्हींचा उपयोग नाही. बालगृहातली मुलं म्हणजे सगळी अनाथ, हा बाहेरच्यांचा समज. आई किंवा बाप असूनही घरी ठेवता न आलेली मुलं तिथे भरपूर असतात, आणि प्रमाणपत्राच्या खिडकीपाशी त्यांचं काम अडतं.

नवीला येऊन थोडेच दिवस झालेत. तिला पाचला आपोआप जाग येते, बालगृहात घंटा पाचला व्हायची. अंथरुणाची घडी घालते, वेणी घालते आणि पलंगाच्या कडेवर बसून राहते. पुढे काय करायचं ते कुणीतरी सांगेल म्हणून. आज बाहेर आले तर घामानं ओली होऊन बसलेली. एप्रिल संपत आलाय, पहाटेही वारा नसतो. मला बघून उभी राहिली.

“मॅडम, पंखा लावू?”

बटण तिच्या हाताच्या अंतरावर होतं. मी उत्तर दिलं नाही. ‘लाव’ म्हटलं असतं तर उद्या पुन्हा विचारलं असतं. मी ओट्याकडे वळले, चहाचं आधण ठेवलं, साखर घातली. पंखा फिरायचा आवाज आला तेव्हा चहा उकळून वर आला होता. या कामात हात मागे ठेवायला शिकणं सगळ्यात अवघड, आणि एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत ते कुणी शिकवत नाही.

सकाळी ७.००

पोह्यांची पाळी नवीची. ती स्वयंपाकात कच्ची नाही. बालगृहात मोठ्या मुली आचारी मावशींच्या हाताखाली असायच्या. पाच किलो तांदळाला पाणी किती, साठ जणांच्या आमटीला तिखट किती, हे ती न चुकता सांगते. एका वाटीचं विचारलं की गप्प. शिवाय आगपेटी हातात देत नसत. शेगडी पेटवायची मावशींनीच. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलींची पहिल्या महिन्यातली शिकवणी म्हणजे भागाकार.

आज पोहे सगळ्यांना पुरून उरले, आणि उरलेले बघून ती घाबरली. अन्न उरलं की तिथे जाब विचारला जायचा. बी.कॉम.वालीनं उरलेले पोहे डब्यात भरले आणि कॉलेजला घेऊन गेली, विषय तिथेच संपला. मोठ्या मुली हे आमच्यापेक्षा सहज करतात. एकाच वयाच्या, एकाच दिवशी आलेल्या सहा जणी ठेवल्या तर हे घर चालणार नाही. आधी आलेली कुणीतरी असावी लागते.

सकाळी ८.३०

घरखर्चाचा हिशेब. कपाटात एक स्टीलचा डबा आहे आणि त्याला जोडून एक वही. कमावत्या मुली पगाराचा तिसरा हिस्सा डब्यात टाकतात, तिसरा बँकेत, उरलेला त्यांचा. शिकणाऱ्यांचा वाटा कमी. जागेचं भाडं संस्था भरते, पण गॅस, लाइट बिल, वाणसामान डब्यातून. हा नियम मुलींच्या बैठकीत झाला आणि दर सहा महिन्यांनी त्यावर भांडण होतं.

आजचं भांडण लाइट बिलावरून. उन्हाळ्यामुळे बिल चढलंय. पार्लरवालीचं म्हणणं, भरतीवाली मोबाइल रात्रभर चार्जिंगला लावते. बी.कॉम.वालीनं बिलावरची युनिटं काढून दाखवली की मोबाइलनं काही होत नाही, इस्त्रीनं होतं, आणि इस्त्री रोज कोण करतं? पार्लरवाली गप्प झाली. मी चहा पीत बसले होते. महावितरणचं बिल वाचता येणं ही मला बारावीच्या गुणपत्रिकेइतकी महत्त्वाची गोष्ट वाटते. स्थिर आकार म्हणजे काय हे माझ्या घरी माझ्या नवऱ्यालाही सांगता येत नाही.

सकाळी १०.३०

नवीबरोबर बँकेत. तिचं खातं ती अज्ञान असताना संस्थेमार्फत उघडलेलं. आता सज्ञान झाल्यावर नव्यानं सही, फोटो, केवायसी. ते वेळेवर करणं भाग आहे, कारण अनुरक्षणाचे पैसे थेट मुलीच्या खात्यात जायला हवेत, असं नियमच सांगतो.

काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म बघितला. “मधलं नाव राहिलंय.”

नवीच्या आधारवर मधलं नाव नाही. आडनाव आहे, तेही बालगृहातल्या कुणीतरी कधीकाळी लावलेलं. नाव, बापाचं नाव, आडनाव ही आपली महाराष्ट्रातली तिपेडी इतकी पक्की आहे की दोनच पेड दिसले तर समोरच्याला ते सुटलेले वाटतात. मी तोंड उघडणार होते; शेजारी बसले होते, सवयीनं तोंड उघडतंच. पण घरून निघताना ठरलं होतं की बोलायचं नवीनं.

“आधारवर आहे तेवढंच नाव आहे,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक की बाईंना दोनदा विचारावं लागलं. दुसऱ्यांदा ती जरा मोठ्यानं बोलली. रांगेतल्या दोघांनी वळून बघितलं.

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी आत जाऊन विचारलं, परत आल्या, म्हणाल्या चालेल. मग नॉमिनी. नवीनं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे. नॉमिनी कुणीही व्यक्ती असू शकते, नातेवाईकच लागतो असं नाही. फॉर्मवर नात्याच्या रकान्यापुढे ‘असल्यास’ असं छापलेलं असतं. हे मी तिला आधी सांगितलं होतं. तिनं बऱ्याच वेळानं नर्सिंगवालीचं नाव लिहिलं आणि नात्याचा रकाना कोरा ठेवला. नर्सिंगवालीला विचारलं होतंस का, असं मी बाहेर आल्यावर म्हटलं. म्हणाली, आता विचारते.

दुपारी १.००

ऑफिस. म्हणजे संस्थेच्या जुन्या इमारतीतलं एक टेबल आणि लोखंडी कपाट. इथे माझ्या कामाचा कमी देखणा भाग चालतो.

बाल न्याय अधिनियम, २०१५. त्यातलं कलम ४६ एवढंच म्हणतं की अठरा पूर्ण करून संस्थेबाहेर पडणाऱ्याला समाजात मिसळायला आर्थिक साहाय्य देता येईल. तपशील २०१६ च्या आदर्श नियमांत आहेत: एकवीस वर्षांपर्यंत अनुरक्षण, अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षं, सहा ते आठ जणांच्या गटासाठी वस्तीत तात्पुरतं घर, शिक्षण किंवा प्रशिक्षण चालू असेपर्यंत विद्यावेतन, संपर्कात राहणारा समुपदेशक. मिशन वात्सल्यच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे महिन्याला ४,००० रुपये. चार हजारांत कर्वेनगरात कॉट बेसिसवर जागा आणि दोन वेळचा डबा कुणी बसवून दाखवला तर मी त्याचा सत्कार करीन. म्हणून संस्था लागते, देणगीदार लागतात, आणि देणगीदारांसाठी माझे अहवाल.

नियम चांगले आहेत, हे मी मनापासून म्हणते. गोची आहे ती तारखेची. दवाखान्यात रिसेप्शनला बसणारी आमची मुलगी १ जूनला एकवीसची होते. १ जून ही तिची खरी जन्मतारीख नव्हे. शाळेत घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून टाकायचे, महाराष्ट्रात त्या तारखेला जन्मलेली अख्खी पिढी आहे. तेव्हा ती सोय होती. आता त्या तारखेवर हिच्या डोक्यावरचं छप्पर ठरतं. वय ठरवताना कायदा आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला बघतो, मग जन्मदाखला, आणि दोन्ही नसले तरच वैद्यकीय तपासणी. दाखल्यावर १ जून, म्हणजे १ जूनच.

मुदतवाढीचा अर्ज करता येतो. पण तिला नोकरी आहे, तब्येत बरी आहे, म्हणजे अपवादात्मक असं काही नाही. जी मुलगी सुधारली तिला आधी बाहेर, असा याचा अर्थ निघतो. माझ्या मोठ्या जावेचा मुलगा सत्तावीस वर्षांचा आहे, हिंजवडीत नोकरीला आहे, आणि त्याचा डबा अजून जाऊबाई भरतात. त्याला कुणी परावलंबी म्हणत नाही. आपल्याकडची मुलं स्वतंत्र होतात ती परत यायला घर असतं म्हणून. नोकरी सुटली, लग्न फिसकटलं, टायफॉइड झाला की बॅग उचलून घरी. आमच्या मुलींना मात्र आपण सांगतो की स्वतंत्र हो आणि मागे वळून बघू नकोस. मला हे काही केल्या पटलेलं नाही. मुदतवाढीचा अर्ज मी भरला, शिकवणीचं कारण दिलं, कारण ती संध्याकाळी खरंच डीटीपी शिकतेय. आदेश आला तर आला. तोवर जागा शोधायची.

दुपारी ३.३०

जागा. रिसेप्शनवालीला दुपारची सुट्टी असते, ती स्कार्फ गुंडाळून आली. एजंटनं दोन ठिकाणं दाखवली. पहिलं ठिकाण बघायलाच नको होतं.

दुसरं चांगलं. जुन्या बंगल्यातली मागची खोली, मोरी वेगळी, खिडकीत जांभळाचं झाड. ही खोली ज्या रस्त्यावर आहे तिथून हिंगण्याची ती जागा चालत दहा मिनिटांवर. सदाशिव पेठेत १८९६ साली विधवांसाठी सुरू केलेला आपला अनाथ बालिकाश्रम अण्णासाहेब कर्व्यांनी १९०० साली हिंगण्याच्या माळावरच्या झोपडीत हलवला. या भागाला त्यांचं नाव आहे.

मालकीणबाई पासष्टीच्या, बोलायला मोकळ्या. डिपॉझिट किती, भाडं किती, पाणी किती वाजता, सगळं सांगितलं. रिसेप्शनवालीनं स्वतःहून विचारलं, “करार अकरा महिन्यांचा ना? नोंदणी तुम्ही करणार ना?” मला बरं वाटलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. हे आम्ही एका रविवारी शिकवतो, तेव्हा निम्म्या मुली जांभया देत असतात.

मग तो प्रश्न आला. “आईवडील कुठे असतात? एकदा त्यांच्याशी बोलून घेते. मुलीची जबाबदारी आहे हो.”

या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं यावर आमच्या क्षेत्रात दोन मतं आहेत. काही जण म्हणतात, खरं सांगावं, लाजायचं काय त्यात. सभेत हे वाक्य चांगलं वाटतं. पण खरं सांगितल्यावर खोली गेली तर ती सभेतल्या माणसाची जात नाही. माझं मत असं की सांगायचं की नाही आणि किती सांगायचं हे मुलीनं ठरवावं. मी माझ्या तोंडानं सांगत नाही, खोटंही बोलत नाही.

रिसेप्शनवाली म्हणाली, “आईवडील नाहीत. या माझ्या ताई. यांचा नंबर घ्या.”

मालकीणबाईंचा चेहरा मऊ झाला, आणि अशा मऊ चेहऱ्यांची मला धास्ती असते. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, खोबऱ्याची वडी दिली, आणि मुलाला विचारून उद्या कळवते म्हणाल्या. कोपऱ्यावर आल्यावर रिसेप्शनवाली म्हणाली, “नाही कळवणार त्या.” मग वडीचा तुकडा मोडून मला दिला. “वडी चांगलीय पण.”

संध्याकाळी ६.००

नवीला दोनशे रुपये देऊन भाजीला एकटीला पाठवलं होतं. तासाभरानं आली. मेथी, टोमॅटो, मिरची, लिंबं. आणि पिशवीच्या तळाशी घडी केलेला कागद.

भाजीवालीकडून तिनं पावती आणली होती. बालगृहात प्रत्येक खर्चाला व्हाउचर लागतं हे ती लहानपणापासून बघत आलेली, म्हणून इथेही मागितली. भाजीवालीनं आधी वेड्यात काढलं असणार. पण मग शेजारच्या पोराकडून फुलस्केपच्या तुकड्यावर लिहून घेऊन दिली: मेथी २ जुडी, टमाटे अर्धा, आणि खाली स्वतःचा अंगठा. अंगठा कशाला, कुणी सांगितला, देव जाणे. बी.कॉम.वालीनं ती पावती वहीत चिकटवली. आमच्या वहीतलं पहिलंच व्हाउचर.

मेथी निवडताना नवीनं विचारलं, “मॅडम, उरलेले पैसे कुणाकडे जमा करू?” डबा कुठे आहे ते तिला माहीत होतं. मी डब्याकडे बोट केलं.

रात्री ८.००

पार्लरवालीनं जेवताना सांगितलं की तिला लग्न करायचंय. मुलगा पार्लरच्या शेजारच्या दुकानात मोबाइल दुरुस्त करतो. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. फक्त आज ते ताटावर आलं.

लग्न म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. अनाथ मुलीची सोय म्हणजे लग्न, असं संस्थांनी वर्षानुवर्षं मानलं. आजही आमच्या ऑफिसात महिन्याला एखादा तरी फोन येतो: मुलगा चांगला आहे, जमीन आहे, आम्हाला हुंडा नको, मुलगी संस्थेतली द्या. यातले काही लोक भले असतात. काहींना फक्त इतकंच हवं असतं की सुनेच्या मागे बोलायला कुणी नसावं. हुंडा नको म्हणणाऱ्याला मी आधी हे विचारते की तिला माहेरी कधी पाठवाल. मग पलीकडे जरा शांतता होते.

पार्लरवालीला मी एवढंच म्हटलं की त्याला रविवारी जेवायला बोलाव. भरतीवालीनं लगेच जाहीर केलं की प्रश्न ती विचारणार, पोलिसी पद्धतीनं. पार्लरवाली चिडून उठली, भांडी आपटली, आणि तेवढ्यात आठवलं की आज भांडी तिची नव्हतीच.

नर्सिंगवाली नवीला मध्येच म्हणाली, “मला नॉमिनी केलंयस म्हणे. म्हणजे तू मेलीस की पैसे माझे ना?” नवी दचकली. मग हसली. आल्यापासून ती पहिल्यांदाच मोठ्यानं हसली असावी, निदान माझ्या पाळीत तरी.

रात्री ९.४५

चाकणहून फोन. आमच्याकडे तीन वर्षं राहून लग्न करून गेलेली मुलगी, पदरात पाच महिन्यांचं बाळ. भांडण नाही, आजार नाही. सासू म्हणाली म्हणे, मे महिन्यात सगळ्या जावा माहेरी जातात, तूही जाऊन ये चार दिवस. “ताई, येऊ का?” एवढंच विचारलं आणि गप्प राहिली.

संस्थेच्या नियमात पाहुणीचा रकाना नाही. मंजूर पलंग सहा, मुली सहा. तिची मुदत केव्हाच संपली. वरिष्ठांना विचारलं तर ते नाही म्हणणार नाहीत, पण लेखी हो म्हणणार नाहीत. मी फोनवर हात ठेवून मुलींना विचारलं.

“गादी हॉलमध्ये टाकू,” नर्सिंगवाली म्हणाली. “माझी नाइट असेल त्या दिवशी माझा पलंग.”

“बाळ रात्री रडलं तर मी पहाटे धावू कशी?” भरतीवाली.

“तू तशी तरी कुठे उठतेस, रोज मी हलवते तेव्हा.”

“खर्च डब्यातून की वर्गणी काढायची?” बी.कॉम.वाली. यावर मत घेतलं गेलं. वर्गणी. नवीनं हात वर केला, मग इकडेतिकडे बघून खाली घेतला, मग पुन्हा वर केला.

रिसेप्शनवाली तेवढी म्हणाली, “महिनाअखेरीला नको. तेव्हा माझं सामान निघेल. दहाच्या आसपास ये म्हणावं.”

फोन कानाला लावून दहा तारखेला ये म्हणून सांगितलं. मागून पार्लरवाली ओरडली, येताना जावयांना आंबे घेऊन यायला सांगा. नर्सिंगवालीनं तिला झापलं: आंबे त्यांनी नाही आणायचे, जाताना आपण द्यायचे असतात, माहेर आपलं आहे.

“पेटी की डझन?” बी.कॉम.वालीनं वही उघडली.